काचेखाली राहिलेली प्रिंट

सुरुवातीलाच माफी मागतो. अनुभव लिहावेत इतकं माझं वय नाही आणि कामही नाही. मी आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं दाखवून "बरं आहे का" असं विचारावं असं घरात कुणी नाही. डोंबिवलीच्या एका निसर्गचित्रकाराकडे मी तीन वर्षं सहायक म्हणून काम करतो, एवढीच माझी ओळख. खरं तर चित्रकाराच्या सहायकाने रंगांबद्दल लिहावं. मी लिहितोय ते झेरॉक्सच्या दुकानात विसरलेल्या एका कागदाबद्दल. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

रविवारची दुपार होती. आई फोन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"सुमित, हे वाच रे जरा. चष्मा सापडत नाहीये. खाली सगळे ओरडतायत."

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला होता. फोटोचा फोटो. साध्या कागदावर काढलेली प्रिंट, तिच्यात तीन बिल्डिंगा, पुढे खाडी. तिन्ही बिल्डिंगांवर लाल पेनाने मोठ्या फुल्या. फुल्यांच्या आत १, २, ३ असे नंबर. खाली लाल अक्षरात लिहिलेलं: "तिन्ही नकोत. इथे पूर्ण रिकामं. २० पर्यंत." आणि त्याखाली पाठवणाऱ्याचा मेसेज: "सर्वे झालेला आहे. सर्वांना कळवा."

मधली पिवळी बिल्डिंग आमची. चौथ्या मजल्यावर कपडे वाळत होते. त्यात माझा निळा शर्ट होता.

आणि अक्षर माझं होतं.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"काही नाही. कुणीतरी फॉरवर्ड केलंय," मी म्हणालो. फोन बंद करून तिच्या हातात दिला.

आता ही प्रिंट काय होती ते सांगतो. त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमचे सर निसर्गचित्रं करतात. लोकांना वाटतं निसर्गचित्रकार नदीकाठी छत्री लावून बसतो. सरही बसायचे. आता त्यांचे गुडघे चालत नाहीत आणि चित्रं सहा-सहा फुटांची असतात. ऊन अर्ध्या तासात बदलतं, खाडीचं पाणी दोन तासांत उतरतं. मोठं चित्र जागेवर पूर्ण होत नाही. म्हणून फोटो काढून आणायचे आणि स्टुडिओत त्यावरून काम करायचं. फोटो काढून आणण्याचं काम माझं.

पण फोटोवर विश्वास ठेवायचा नाही, हे सरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. फोनचा कॅमेरा एका वेळी एकच नीट बघतो. आकाश नीट आलं तर सावल्या काळ्याकुट्ट येतात. सावल्या नीट आल्या तर आकाश पांढरं फट्टक. डोळ्याला मोठा दिसणारा डोंगर फोटोत टेंगळासारखा होतो. म्हणून एकाच जागेवरून, एकाच वेळी तीन-तीन फोटो काढायचे: एक आकाशासाठी, एक सावल्यांसाठी, एक मधला. सलग काही दिवस जायचं. पाय दर वेळी त्याच ठिकाणी यावेत म्हणून जमिनीवर खडूने खुणा करायच्या. वहीत तिथल्या तिथे रंगाचे ठिपके टाकून ठेवायचे, कारण रंगाच्या बाबतीत फोटो सगळ्यात जास्त फसवतो.

मग साध्या कागदावर प्रिंट काढायची आणि तिच्यावर लाल पेनाने काम करायचं. आधी नंबर: सगळ्यात उजळ भाग १, सगळ्यात गडद ५. मग गोल, म्हणजे हे चित्रात ठेवायचं. बाण, म्हणजे हे बाजूला सरकवायचं. फुली, म्हणजे हे चित्रात नको. सर म्हणतात, "फोटो सगळंच सांगून टाकतो. आपण निवडून सांगायचं."

या वेळचं काम ठाण्याच्या एका ऑफिसच्या लॉबीसाठी होतं. त्यांना खाडी हवी होती, "पूर्वी होती तशी". सर जागा शोधत होते. मीच त्यांना म्हणालो, की दिवा स्टेशनजवळ एक जागा आहे, भरतीच्या वेळी संध्याकाळी साडेपाचला पाणी तांब्यासारखं होतं. ते मला माहीत होतं, कारण ते आमच्या गच्चीवरून दिसतं. पण तिथे मी राहतो हे मी सरांना सांगितलं नाही. का ते तेव्हाही मला नीट कळलं नव्हतं. सर आणि त्यांच्याकडे येणारे लोक ज्या सुरात "दिवा" म्हणतात, त्या सुरामुळे असेल.

आमच्या मागे एक अर्धवट राहिलेली इमारत आहे. तिच्या सातव्या मजल्यावरून मी आठ दिवस फोटो काढले. प्रिंट काढली, नंबर टाकले, सरांना फोटो पाठवला. सर फोनवर म्हणाले, "खाडी उत्तम. पण समोरच्या तीन बिल्डिंगा फार टोचतायत. विशेषतः ती मधली पिवळी. तिन्ही नकोत. तिथे रिकामं ठेव, काठावरच्या तिवरांच्या झाडीचा हिरवा येऊ दे. कच्चं चित्र वीस तारखेपर्यंत द्यायचंय."

"हो सर," म्हणालो आणि लिहून घेतलं. स्टेशनजवळच्या दुकानात त्या प्रिंटची झेरॉक्स काढली, एक सरांना, एक मला. दोन कागद घेऊन निघालो. मूळ प्रिंट मशीनच्या काचेवर, झाकणाखाली राहिली. माझ्यानंतर तिथे आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला माणूस आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधला होता.

मी हे शांतपणे लिहितोय, पण तेव्हा शांत वगैरे काही नव्हतं. आमच्या भागात हातात टेप घेतलेला माणूस दिसला की बिल्डिंग पाडायला आले या भीतीने बायका गॅलरीतून आत जातात आणि नवऱ्याला फोन लावून परत बाहेर येतात. बिल्डिंग कशी उभी राहिली, कुठला कागद आहे आणि कुठला नाही, हे प्रत्येकाला माहीत असतं. कुणी बोलत नाही. त्यामुळे लाल फुली दिसल्यावर ती कुणी मारली असं कुणी विचारलंच नाही. सगळे जणू तिचीच वाट बघत होते.

पाच वाजता गच्चीवर मीटिंग झाली. आमचे सेक्रेटरी शिर्के काका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. बाकी सगळे उभे.

"एकेकाने बोला," शिर्के काका म्हणाले.

"एकेकाने काय बोला? नंबर टाकलेत त्यांनी. आपला दुसरा नंबर आहे."

"वीस तारीख म्हणजे आठ दिवस राहिले."

"पूर्ण रिकामं म्हणजे सामान पण काढू देणार नाहीत का?"

"अहो वहिनी, सामानाचं काय घेऊन बसलात!"

मग मागच्या इमारतीच्या वॉचमनला बोलावलं. तो हिंदीतच बोलतो. "एक लडका आता था," तो म्हणाला. "रोज शाम को. मोबाइल लेके. नीचे चॉक से निशान भी लगाया है."

खडूच्या खुणांचं ऐकल्यावर दोघे-तिघे कठड्यापाशी जाऊन मागच्या इमारतीकडे बघायला लागले.

"बघितला तर ओळखशील?" हे रवीभाऊने विचारलं. रवीभाऊ दुसऱ्या मजल्यावर राहतो, रिक्षा चालवतो. आम्ही इथे यायच्या आधीपासून तो ओळखीचा, मला सायकल त्याने शिकवली आहे.

मी पाण्याच्या टाकीला टेकून उभा होतो. वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग टाकीकडे पाहिलं.

"दूर से देखा था, साहब," तो म्हणाला.

"सापडू दे फक्त," रवीभाऊ म्हणाला. "आधी पाय मोडतो, मग विचारतो कुणी पाठवला."

चार-पाच जण म्हणाले, बरोबर. त्यातली एक माझी आई होती.

त्याच वेळी पुढे येऊन सांगायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त माझे पाय दिसत होते.

सोमवारी खरी भीती सुरू झाली. त्यासाठी दादाबद्दल सांगायला हवं.

माझा मोठा भाऊ राहुल वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपला लेथवर काम करतो. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडलं. "दोघांपैकी एकानेच शिकायचं तर धाकटा शिकेल" असं घरात कुणी मोठ्याने म्हटलं नाही, पण झालं तसंच. माझा फोन, म्हणजे ज्याच्यावर मी फोटो काढतो तो, त्यानेच घेऊन दिलेला. दादाच्या लग्नाची आधी दोन ठिकाणी बोलणी होऊन मोडली होती. दोन्हीकडचं कारण एकच, घर भाड्याचं आहे. मग आम्ही दिव्याची ही खोली घेतली. आता कल्याणच्या मोरे काकांच्या मुलीशी, प्रणालीशी, जवळजवळ ठरलं होतं. शनिवारी ते लोक बोलणी पक्की करायला येणार होते. आईने नव्या चादरी आणून ठेवल्या होत्या.

सोमवारी दुपारी मोरे काकांचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला.

"शनिवारचं जरा थांबू या," ते म्हणाले. "एक फोटो आलाय आमच्याकडे. तुमच्याच बिल्डिंगचा ना तो?"

आई "नाही हो, अफवा आहे" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर ती चादरींच्या पिशवीकडे बघत बसली. दादा संध्याकाळी आला, त्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि हात धुवायला गेला. हात धुऊन बाहेर यायला त्याला खूप वेळ लागला.

मंगळवारी सकाळी पाणी आलं. आमच्याकडे सव्वासहा ते सात येतं. दादा पिंप भरत होता, मी पाइप धरून उभा होतो. आई खाली दूध आणायला गेलेली. मी ठरवलं होतं की आता बोलायचं.

"दादा, ती प्रिंट..."

"माहितीय," दादा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं.

"तुझा दोनचा आकडा. शेपूट वर वळते. पाचवीत किती मारलेलं मी तुला त्याच्यावरून, तरी सुधारला नाहीस."

"मग... मग तू बोलला का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होतो." त्याने पिंपात हात घालून पाणी किती भरलं ते पाहिलं. "आणि रवी काय म्हणाला ते ऐकलंस ना? तो नुसता बोलत नाही."

"दादा, तुझं कल्याणचं माझ्यामुळे..."

"पाइप धर नीट. सांडतंय."

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो माझ्यावर चिडला नव्हता. माझ्यासाठी घाबरला होता. रविवारपासून एकट्याने घाबरला होता, स्वतःचं लग्न हातातून जात असताना.

मी तसाच डोंबिवलीला सरांकडे गेलो. सगळं सांगितलं. सर कॅनव्हासवर पांढरा बेस लावत होते. ब्रश खाली ठेवला नाही.

"ओरिजिनल मोजून घ्यायची, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल?"

"पुष्कळ वेळा, सर."

"आणि ही मंडळी इतकी घाबरली? एका फुलीला?"

"सर, ती मधली पिवळी बिल्डिंग..." मी फोनवरचा फोटो पुढे केला. "मी तिथे राहतो."

आता ब्रश थांबला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग त्या दिवशी फोनवर बोलला का नाहीस? मी म्हणालो, ती टोचते. तू म्हणालास, हो सर."

"चित्रात ती टोचतच होती, सर."

सरांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर. सांगतो त्यांना."

मी नको म्हणालो. सरांचे गुडघे हे एक कारण. दुसरं म्हणजे, सर येऊन सांगणार आणि मी मागे उभा राहणार, हे मला बरं वाटेना. सरांनी कपाटातून दोन जाड फाइल काढल्या. तीन वर्षांतल्या सगळ्या लाल खुणांच्या प्रिंट त्यात होत्या.

"एक प्रिंट दाखवलीस तर ती पाडायची यादी वाटते," सर म्हणाले. "शंभर दाखव."

त्याच संध्याकाळी मी शिर्के काकांना म्हणालो, मीटिंग लावा, फोटोबद्दल कळलंय. सगळे वर आले. दादा कामावरून लवकर आला आणि माझ्या उजव्या बाजूला उभा राहिला, रवीभाऊच्या आणि माझ्या मध्ये.

मी म्हणालो, "तो मुलगा मी आहे."

कुणाला पटकन समजलंच नाही. आई म्हणाली, "कोण मुलगा?" मग मी सांगत गेलो. चित्र, प्रिंट, नंबर, खडू, झेरॉक्स. फाइल उघडून प्रिंट जमिनीवर मांडल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर चपला ठेवल्या.

शिर्के काकांनी एक उचलली. तिच्यात पारसिकच्या डोंगराचं एक टोक होतं आणि त्यावर मोठी फुली.

"हा डोंगर पण पाडणार का रे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. एका वहिनींनी दुसरी उचलली. "अगंबाई, म्हशीवर फुली! म्हशीला पण नोटीस?"

"ही बघा, ढगावर फुली. ढगाला कुठल्या तारखेपर्यंत मुदत?"

लोक वाकून वाकून प्रिंट बघायला लागले. कळव्याच्या पुलावर बाण, विजेच्या टॉवरवर फुल्या, बगळ्याभोवती गोल. तीन दिवसांनी पहिल्यांदा गच्चीवर माणसं मोकळेपणाने बोलत होती. मलाही थोडं हसू आलं.

"तुला हसू येतंय?"

रवीभाऊ दादाला बाजूला करून पुढे आला. दादाने त्याचा दंड धरला, पण रवीभाऊने मला हात लावला नाही.

"तीन दिवस माझी आई नीट जेवलेली नाही. तिला वाटतंय परत गावाला जावं लागणार. तू त्या दिवशी इथेच, त्या टाकीपाशी उभा होतास ना? ऐकत होतास ना?"

मी मान हलवली.

माझ्या शर्टाच्या खिशात लाल पेन होतं. ते त्याने काढून घेतलं, एकदा बघितलं आणि गच्चीच्या कठड्यावरून बाहेर फेकलं. मग तो खाली निघून गेला. ते पेन पडल्याचा आवाज आला नाही. मी मात्र बराच वेळ तो ऐकायची वाट बघत होतो.

शिर्के काकांनी ग्रुपवर लिहिलं, "गैरसमज झाला होता. तो चित्रकलेचा कागद आहे. काळजी नसावी." त्यावर दोन अंगठे आले. फुलीवाला फोटो तोपर्यंत कळवा, मुंब्रा, कल्याण कुठे कुठे पोहोचला होता. दुरुस्तीचा मेसेज आमच्या ग्रुपच्या बाहेर गेला नाही. चांगली बातमी पुढे पाठवायला कुणाला घाई नसते.

म्हणून गुरुवारी दादा आणि मी त्याच फाइल घेऊन कल्याणला गेलो.

मोरे काका एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले. पांढरा शर्ट, खिशात छोटी डायरी. "जयभीम" झालं, चहा आला. मी परत सगळं सांगितलं, या वेळी थोडं नीट. काका एकेक प्रिंट हातात घेऊन, पाठपोट बघून, उजव्या हाताला रचत होते. प्रणाली समोर बसली होती. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तीही प्रिंट बघत होती, पण घाई न करता, कोपऱ्यातलं बारीक अक्षरसुद्धा वाचत.

शेवटची प्रिंट ठेवून काका म्हणाले, "चित्राचं पटलं मला. पोरगा खोटं बोलत नाही. आता दुसरं विचारतो, राहुल. तुमच्या बिल्डिंगचे कागद पूर्ण आहेत?"

गच्चीवर मी घाबरलो होतो. पण इथे जास्त घाबरलो. दादा "आहेत" म्हणाला असता तर विषय तिथेच संपला असता. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. मी दादाच्या हाताकडे बघत होतो. त्याने कप बशीत ठेवला.

"नाहीत काका," दादा म्हणाला. "खोलीचे आहेत. बिल्डिंगचे पूर्ण नाहीत. शिर्के काका आणि आम्ही काही जण अर्ज करतोय, पण अजून काही झालेलं नाही."

"म्हणजे खरी नोटीस कधीही येऊ शकते."

"येऊ शकते."

"मग या पोराची चूक काय झाली?" काका माझ्याकडे वळले. "खरी नोटीस यायच्या आधी भीती दाखवली, एवढंच."

काकांनी प्रिंटचा गठ्ठा नीट लावला. मग प्रणाली मला म्हणाली, "एक विचारू? तुम्ही स्वतःच्याच घरावर फुली मारली. हात थांबला नाही?"

खोटं सांगण्यासारखं काहीच सुचलं नाही, म्हणून खरं सांगितलं. "नाही. प्रिंटमध्ये ते घर वाटतच नव्हतं. पिवळा चौकोन वाटत होता. गॅलरीत माझा शर्ट होता, तोसुद्धा मी निळा ठिपका म्हणूनच बघितला."

तिने मान डोलावली. पटलं म्हणून की वाईट वाटलं म्हणून, ते कळलं नाही.

"विचार करून कळवतो," मोरे काका म्हणाले. हे वाक्य आमच्या घराने आधी दोनदा ऐकलेलं होतं. परत येताना दोन्ही फाइल दादानेच धरल्या.

शनिवार गेला. कुणी आलं नाही. चादरी पिशवीतच राहिल्या.

वीस तारीख आली. माझं म्हणणं बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पटलं होतं. म्हशीवरची फुली सगळ्यांनी पाहिली होती. तरी त्या दिवशी रवीभाऊची रिक्षा दिवसभर खालीच उभी होती. शिर्के काकांनी सकाळपासून गेटजवळ खुर्ची टाकली होती. समोरच्या वहिनी कामावर गेल्या नाहीत, "कंटाळा आला" म्हणाल्या. मी निघताना पाहिलं, आईने घराची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दाराशी ठेवली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

सरांनी त्या दिवशी क्लायंटला एकाऐवजी दोन कच्ची चित्रं दाखवली. एक रिकाम्या काठाचं. दुसऱ्यात तिन्ही बिल्डिंगा होत्या, टाक्या, केबल, वाळत घातलेले कपडे, सगळं. दुसरं मला न सांगता सरांनी स्वतः केलं होतं. क्लायंटने दोन्ही बघितली आणि पहिलं निवडलं. लॉबीत येणाऱ्याला शांत वाटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. सर बाहेर आल्यावर म्हणाले, "त्यांचा हक्क आहे." मग मोठ्या कॅनव्हासवर काम सुरू झालं. जिथे आमची बिल्डिंग आहे, तिथे तिवरांचा हिरवा भरायचं काम माझ्याकडे आलं. मी ते केलं. हात या वेळी थांबत होता, पण हिरवा एकसारखा लागला.

त्यानंतरच्या आठवड्यात एक दिवस परत गडबड झाली. पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी माणूस आमच्या बिल्डिंगसमोर उभा राहून मजले मोजत होता. त्याने दुकानदाराला पाणी किती वाजता येतं ते विचारलं, टँकरचं विचारलं, आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिलं. वरून तिघी-चौघींनी बघितलं. रवीभाऊ धावत खाली गेला.

"काय लिहिताय? कुठल्या ऑफिसचे तुम्ही?"

"कुठल्याच नाही," तो माणूस म्हणाला. "मोरे. कल्याणहून आलोय."

हे मला नंतर रवीभाऊनेच सांगितलं. लाल पेन फेकल्यानंतर तो माझ्याशी पहिल्यांदा बोलत होता. त्याने मोरे काकांना चहा पाजला आणि सगळे मजले चढवून गच्चीवर नेलं. "काय बोललात?" मी विचारलं. "काय बोलणार? खाडी दाखवली. भरती होती," रवीभाऊ म्हणाला. "आणि पाणी सव्वासहाला येतं म्हणालो, खोटं कशाला बोलू?"

त्यानंतरही पाच दिवस काही कळलं नाही. दादा फोन उलटा ठेवून जेवायचा.

या धंद्यात मी काय शिकलो, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत. झेरॉक्स झाली की झाकण उचलून काच बघायची. आणि उंचावरून एखाद्या वस्तीचा फोटो काढायचा असेल तर आधी खाली जाऊन सांगायचं की मी कोण आणि कशासाठी काढतोय. खुणा मी आता शिसपेन्सिलीने करतो. प्रत्येक प्रिंटच्या मागे "चित्रासाठी" असं लिहून खाली नाव घालतो. सर याला हसतात, पण त्यांच्या प्रिंटवरही मी तसंच लिहितो आणि ते खोडत नाहीत.

परवा स्टुडिओत ब्रश धूत होतो. तिवरांचा हिरवा सगळ्यात शेवटी निघतो, बोटांच्या पेरांत बसतो. फोन वाजला. ओल्या हाताने उचलला. वर्कशॉपच्या मशीनचा आवाज होता, त्यातून दादा मोठ्याने बोलत होता.

"सुमित, ऐक. कल्याणहून फोन आलेला. हो म्हणाले. रविवारी येतायत."

मी ओला हात शर्टाला पुसला.

"ऐकतोयस ना? प्रणालीने तुझ्यासाठी निरोप ठेवलाय. आपल्या बिल्डिंगचा एक फोटो पाहिजे म्हणाली, फ्रेम करायला. त्या मागच्या इमारतीवरूनच काढलेला, साडेपाचचा. कपडे वाळत असलेला. आणि त्याच्यावर काही लिहू नको म्हणाली."